गोव्यातल्या खाणींच्या जुन्या रस्त्यांवर ऑफरोडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरू लागला की हे प्रश्न येऊ लागतात. विचारणारे दोन प्रकारचे. एक, पुणे-कोल्हापूर-बेळगावहून गाडी घेऊन दोन दिवसांसाठी येणारे. दुसरे, डिचोली-साखळी-कुडचडे भागातलेच, ज्यांनी हे रस्ते लहानपणी टिपरांच्या (खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या) धुळीत पाहिले आणि आता स्वतःची फोर बाय फोर घेतली. उत्तरं दोघांनाही सारखीच. सगळं वाचायला वेळ नसेल तर ३, ५ आणि ७ वाचल्याशिवाय तरी निघू नका.

१. खाणीचे रस्ते म्हणजे जंगलातले साधे कच्चे रस्तेच ना?

नाही. जंगलातली वाट माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी पडते. खाणीचा रस्ता भरलेल्या टिपरसाठी मुद्दाम कापलेला असतो. खनिज खंदकातून काढायचं, टिपरमधून मांडवी किंवा जुवारीच्या काठावरच्या जेटीवर न्यायचं, तिथून बार्जने मुरगाव बंदरात, असा हा धंदा चालायचा. त्यामुळे रस्ते तीन तऱ्हेचे: खंदकात उतरणारे रॅम्प, खंदकापासून डंप (काढून टाकलेल्या मातीचा आणि हलक्या खनिजाचा ढीग) किंवा प्लांटपर्यंत जाणारे, आणि जेटीकडे जाणारे. यातला तिसरा प्रकार बऱ्याचदा गावाचाच डांबरी रस्ता असतो, तिथे ऑफरोडिंगचा प्रश्नच येत नाही.

पहिल्या दोन प्रकारांचा चढ सौम्य असतो. भरलेली गाडी चढावी म्हणून मुख्य रस्ता साधारण १ ला १६ (सोळा मीटर पुढे जाताना एक मीटर वर) असा बांधायची पद्धत आहे. रुंदीही दोन टिपर आरामात जातील एवढी. म्हणून नवख्याला हे रस्ते सोपे वाटतात. तसे ते का नाहीत, ते प्रश्न ७ मध्ये.

२. हे रस्ते बंद कधी पडले? आता खाणी परत सुरू झाल्यात असंही ऐकतो.

दोन्ही खरं आहे. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ च्या निकालाने ती उठली, पण वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ लीजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प झालं. आज जे रस्ते रानाने भरलेले दिसतात, त्यातले बरेचसे २०१२ किंवा २०१८ पासून वापरात नाहीत.

डिसेंबर २०२२ पासून खनिज ब्लॉकचे लिलाव सुरू झाले आणि डिचोलीच्या ब्लॉकमध्ये २०२४ मध्ये प्रत्यक्ष उत्खनन सुरू झालं. शिवाय जुना साठवलेला माल आणि डंप हलवण्याचं काम अधूनमधून चालूच असतं. म्हणजे गेल्या वर्षी निर्जन असलेल्या वळणावर यंदा भरलेला टिपर समोर येऊ शकतो. मित्राने २०१९ मध्ये रेकॉर्ड केलेला ट्रॅक आज फारसा उपयोगाचा नाही.

३. तिथे कुणीच नसतं. मग परवानगी कशाला?

कुणी दिसत नाही, एवढंच. जमीन कुणाची तरी असतेच आणि गोव्यात हे प्रकरण गुंतागुंतीचं आहे. एकाच दीड किलोमीटरच्या पट्ट्यात खाजगी जमीन, कोमुनिदादची (गावाच्या जुन्या सामूहिक संस्थेची) जमीन, सरकारी जंगल, खाजगी वन म्हणून नोंद झालेला भाग आणि लीजची हद्द असं सगळं लागू शकतं. सत्तरीत त्यात मोकाशांच्या (पूर्वी इनाम मिळालेल्या) जमिनीचं जुनं त्रांगडं. लीज रद्द झाली म्हणून खालची जमीन मोकळी होत नाही. ती लीज एखाद्या नव्या ब्लॉकमध्ये गेली असेल तर नवा लीजधारक आलेला असतो. गेली नसेल तरी फाटकावर रखवालदार असतो, कारण आत यंत्रं, भंगार आणि लिलावाचा माल पडलेला असतो.

चालू खाणीच्या हद्दीत बाहेरच्या माणसाने गाडी घालणं तर खाण सुरक्षेच्या कायद्यातच बसत नाही. राखीव जंगलात विनापरवाना शिरणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. अभयारण्याचं वेगळं, त्यासाठी प्रश्न ५.

फाटक उघडं असणं, साखळी तुटलेली असणं, पाटी गंजून पडलेली असणं, यातलं काहीही परवानगी होत नाही.

४. मग परवानगी मागायची कुणाकडे? एका ऑफिसातून दुसरीकडे पाठवतात.

पाठवतात, कारण तुम्ही “मायनिंग रोडवर जायचंय” एवढंच सांगता. आधी जागा नक्की करा. सर्व्हे नंबर काढा, त्याचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा म्हणा) पाहा. कब्जेदार कोण ते त्यावर कळतं. खाजगी मालक असेल तर त्याचं लेखी पत्र घ्या, तारीख आणि गाड्यांचे नंबर घालून. कोमुनिदाद असेल तर तिच्या समितीकडे जा. जंगल असेल तर त्या भागाच्या परिक्षेत्र वन अधिकाऱ्याकडे. लीज किंवा ब्लॉक असण्याची शंका असेल तर पणजीला खाण आणि भूगर्भ खात्यात विचारा.

सगळं झाल्यावर पंचायतीत किंवा निदान वाड्यावर जाऊन सांगा. कायद्याने सक्ती नसली तरी गाडी रुतली की दोरी घेऊन येणारा माणूस त्याच वाड्यावरचा असतो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्याने एखाद्या खाजगी जमीनमालकाशी बोलून त्याच्याच डंपच्या आणि काजूबागेच्या कडेचा रस्ता घ्यावा. दोन-तीन किलोमीटर मिळाले तरी पुरे. लांबलचक लूपच्या नादात माणूस हद्द ओलांडतो.

५. अभयारण्याची हद्द कुठे सुरू होते ते कळत नाही. चुकून आत गेलो तर?

चुकून हे उत्तर चालत नाही. म्हादई (२०८ चौ.किमी.) आणि नेत्रावळी (२११ चौ.किमी.) ही दोन्ही अभयारण्यं १९९९ ची, आणि दोन्ही खाणपट्ट्याला जवळ. पूर्वेला मोले राष्ट्रीय उद्यान आणि भगवान महावीर अभयारण्य, दक्षिणेला खोतीगाव अभयारण्य. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात शिरायलाच परवाना लागतो. मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडी जप्त होऊ शकते, आणि सुटका व्हायला तुमच्या पुढच्या सहा ट्रिपा जातील.

म्हादईत वाघाचा वावर आहे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीच्या गोळावलीत वाघीण आणि बछडे मेलेले सापडले, आणि जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायचा आदेश दिला. तेव्हापासून या भागात गाड्यांच्या ताफ्याकडे वनरक्षक कसे पाहत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

हद्दीचा दगड झुडपात असतो, तो दिसेल या भरवशावर राहू नका. निघण्यापूर्वी परिक्षेत्र कार्यालयात आपला मार्ग नकाशावर दाखवा आणि “यातलं कुठपर्यंत?” असं विचारा. अभयारण्यात ज्यांचं घर किंवा बागायत आहे त्यांचा प्रश्न निराळा, तो शेवटी (प्रश्न २०) घेतलाय.

६. नेमका रूट द्या ना. पिन टाकली तरी चालेल.

पिन देत नाही. कारण प्रश्न २ आणि ३ मध्ये आलंय: मालकी आणि वापर दोन्ही बदलत राहतात. पट्टे सांगतो. उत्तरेला डिचोली-सत्तरीत पाळी, वेळगे, सुर्ल, होंडा, पिसुर्ले, सोनशी. इथे डंप आणि खंदक गावांना अगदी लागून आहेत. दक्षिणेला धारबांदोडा, सांगे, केप्यात कोडली, रिवण, कोळंब, कावरे. इकडे जंगल दाट आणि माणूस विरळ, म्हणून मोह जास्त आणि हद्दीचा धोकाही जास्त.

एक गफलत कायम होते. सुर्ल किंवा सुर्ला नावाची गावं दोन आहेत. एक डिचोलीतलं, खाणींचं. दुसरं सत्तरीत चोर्ला घाटावर, ते म्हादई अभयारण्यात येतं. पाळी-पालीचंही तसंच: पाळी डिचोलीत, पाली सत्तरीत. फोनला नुसतं नाव सांगून निघाल तर तो तुम्हाला थेट वनखात्याच्या नाक्यावर नेईल.

गुगल मॅपवर दिसणाऱ्या रेषेवरही जाऊ नका. टिपर फिरत असताना पडलेली ती रेषा आहे. पुढे तो रस्ता कापून खंदक वाढवलेला असू शकतो आणि नकाशाला त्याचा पत्ता नसतो.

७. रस्ता एवढा रुंद, चढ एवढा कमी. मग धोका नक्की कसला?

पाण्याचा. रस्ता वापरात असताना खाणवाले रोज ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) फिरवायचे, गटारं उपसायचे, मोऱ्या साफ करायचे. टिपर थांबले त्या दिवशी हे सगळं थांबलं. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात पाणी आपली वाट स्वतः काढतंय, आणि ती वाट रस्त्याच्या पोटातून जाते.

कड आधी घ्या. बाहेरच्या बाजूला मातीचा जो बांध दिसतो, तो टिपर खाली जाऊ नये म्हणून घातलेला. तो मध्येच तुटलेला दिसला तर ती गाडी वळवायची जागा समजू नका. पाणी तिथूनच खाली गेलेलं असतं आणि तुटक्या भागाच्या अलीकडची दोन-तीन फूट जमीन खालून पोकळ असते. उतरून पाहिलंत तर कडेला समांतर जाणारी बोटभर रुंदीची भेग दिसते. पावसाळ्यानंतर तिच्यात गवत उगवतं म्हणून ती हिरव्या रेघेसारखी दिसते. अशी रेघ दिसली की गाडी डोंगराच्या बाजूला घ्या, आणि त्या बाजूला जागा नसेल तर मागे फिरा.

मोरी दुसरी. रस्त्याखालून टाकलेला सिमेंटचा पाइप पालापाचोळ्याने तुंबतो, पाणी पाइपाच्या बाहेरून माती ओढत जातं. वरून रस्ता शाबूत दिसतो, मध्ये फक्त ताटाएवढा खळगा. तिथे पहार मारून पाहा. आवाज पोकळ आला की समजायचं ते समजा.

तिसरा आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे टेलिंग पॉन्ड. खनिज धुतल्यावरचा गाळ साठवायची तळी. उन्हाळ्यात वरचा थर वाळतो, तडकतो, सपाट लाल मैदान दिसतं आणि गाडी गोल फिरवायला हात शिवशिवतात. तो थर दुधावरच्या सायीएवढाच विश्वासाचा. खाली महिनोन्महिने ओला गाळ असतो. त्यात गेलेली गाडी दुसऱ्या गाडीने निघत नाही, आणि ओढायला आलेलीही आत जाते. प्लांटच्या किंवा डंपच्या पायथ्याशी बांध घातलेली कुठलीही सपाट, झाडं नसलेली लाल जागा ही तळी आहे असंच धरून चाला.

चौथं, जांभ्याची गोल दाण्यांची खडी. कोरड्या दिवसात चाकाखाली घरंगळते, उतारावर ब्रेक दाबला की गाडी सरळ पुढे सरकते. उतरताना लो रेंज (फोर बाय फोरचा संथ, जास्त ताकदीचा गियर), पहिला गियर, पाय ब्रेकवरून बाजूला.

८. कुठला महिना चांगला?

नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारी. ऑक्टोबरमध्ये सगळे उतावीळ होऊन येतात, पण तेव्हा करड गवत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि त्यात गटार, कड, भेग सगळं लपतं. डिसेंबरपर्यंत गवत आडवं होतं आणि रस्ता वाचता येतो. फेब्रुवारीपासून धूळ आणि काजूचा हंगाम (प्रश्न १५). मार्च ते मे आगीचा धोका. मार्च २०२३ मध्ये म्हादईसह गोव्यात किती ठिकाणी जंगलं पेटली आणि हेलिकॉप्टरने पाणी टाकावं लागलं, ते सर्वांना आठवत असेल. नव्या डिझेल गाड्यांचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) साचलेली काजळी जाळून स्वतःला साफ करत असताना सायलेन्सर भयंकर तापतो. अशी गाडी वाळक्या गवतावर उभी करायची नाही.

९. खरी मजा पावसात. रेनफॉरेस्ट चॅलेंज गोव्यात जुलैमध्येच होते ना?

होते, २०१४ पासून. पण ती ठरवून घेतलेल्या जागी, परवानग्या काढून, मार्शल, रुग्णवाहिका आणि दोन्ही टोकांना विंच (गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) लावलेल्या गाड्यांसह होते. तुम्ही चार मित्र आणि एक पिवळी दोरी. तुलना होत नाही.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्त. डंपची माती एवढं पाणी प्यायल्यावर उतारावर धरून राहत नाही. जून ते सप्टेंबर या रस्त्यांवर जाऊ नका. पावसातच गाडी चालवायची असेल तर परवानगी असलेल्या ऑफरोड ट्रॅकवर पैसे भरून चालवा.

१०. माझ्याकडे थार आहे पण टू व्हील ड्राइव्ह. जमेल का? आणि जिम्नी?

टू व्हील ड्राइव्ह थार दिसते तशीच, ग्राउंड क्लिअरन्सही चांगला, पण कोरड्या मुख्य रस्त्यापलीकडे नेऊ नका. घसरड्या चढावर मागची चाकं फिरू लागली की ती मागे येते आणि आडवी होते. इथे आडवं होणं म्हणजे कडेकडे जाणं.

जिम्नी २१० मिमी क्लिअरन्सची, थार २२६. आकड्यांत फरक आहे, पण जिम्नी हलकी आणि अरुंद असल्याने अर्ध्या खचलेल्या रस्त्यावर मला ती जास्त सुरक्षित वाटते. थारवाले यावर भांडतात, भांडू देत. टिपरनी पाडलेल्या चाकोऱ्या खोल असतात आणि त्यांची रुंदी आपल्या गाडीशी जुळत नाही. म्हणून एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक बाहेर, असं चालवावं लागतं. हे कुठल्याही गाडीत शिकावंच लागतं.

मोठे टायर, लाइट बार, लोखंडी बंपर लावलेत तर लक्षात ठेवा: उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्यात बसत नाही, दंड ५,००० रुपयांपर्यंत आणि कैदेचीही तरतूद आहे. फोंड्याच्या नाक्यावर थांबवलं तर “ऑफरोडसाठी आहे” हे सांगून उपयोग नाही.

११. टायरची हवा किती ठेवायची?

कोरड्या जांभ्यावर २४ ते २६ पीएसआय. चिखल लागला तर २० पर्यंत. त्याखाली नको, कारण खनिजाच्या दगडाच्या कडा धारदार असतात आणि मऊ टायरची बाजू कापली जाते. टायरच्या बाजूला पडलेली चीर पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही. हवा भरायचा पंप गाडीत नसेल तर कमीच करू नका.

१२. वाटेत ओढा लागला तर किती पाण्यातून जाता येतं?

थारची कंपनीने सांगितलेली मर्यादा ६५० मिमी, फोर्सच्या गुरखा गाडीची ७००. पण हे आकडे खालची जमीन घट्ट आणि सपाट आहे असं धरून आहेत. खाणपट्ट्यातल्या ओढ्यांत गाळ बसलेला असतो. आधी काठी घेऊन चालत जा, तळ लागला आणि पाणी गुडघ्याखाली असलं तरच गाडी घाला. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. त्यावर विम्याचं काय होतं ते प्रश्न १४ मध्ये.

खाणीच्या खंदकातल्या पाण्याला हा नियम लागू नाही. तिथे चाकाचा प्रश्नच येत नाही, पुढचा प्रश्न वाचा.

१३. खंदकातलं निळंहिरवं पाणी फार सुंदर दिसतं. काठावर तंबू टाकून पोहलं तर?

नको. खंदक पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला असतो. पाण्याखाली पहिल्या पायरीपर्यंत घोटाभर आणि पुढच्या पावलाला तळ नाही. वर यायला उतार नसतो, भिंत असते, आणि ती भिंत ओल्या मातीची. बुडणाऱ्याला पकडायला एक फांदीही मिळत नाही. गाडी काठापासून निदान वीस-पंचवीस मीटर लांब उभी करा, आणि फोटो उभ्या गाडीतूनही येतो.

१४. गाडी रुतली किंवा पाणी गेलं तर इन्शुरन्स मिळतो का?

साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत अपघाताचं नुकसान मिळतं, पण आयोजित शर्यत, वेगाची चाचणी वगैरे वगळलेलं असतं. पाण्यातलं इंजिनचं नुकसान ‘इंजिन प्रोटेक्शन’ घेतलं असेल तरच, आणि त्यातही पाणी गेल्यावर पुन्हा स्टार्ट केल्याचं सर्व्हेयरला कळलं तर वाद होतो. विनापरवाना घुसलेल्या जागेचा पत्ता क्लेम फॉर्मवर लिहायची वेळ आली की प्रश्न ३ आठवेल.

भाड्याच्या गाडीचं सोपं आहे: काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची सेल्फ ड्राइव्ह जीप अशा जागी न्यायचीच नाही. करारात कच्च्या रस्त्यावरच्या नुकसानीची जबाबदारी बहुधा तुमच्यावर टाकलेली असते. सही करण्यापूर्वी वाचा.

१५. गावकरी एवढे का चिडतात? आम्ही तर फक्त जातो-येतो.

तुम्ही जाता-येता, धूळ तिथेच राहते. पिसुर्ले-सोनशीच्या लोकांनी वर्षानुवर्षं टिपरांची धूळ खाल्ली. २०१७ च्या एप्रिलमध्ये सोनशीत त्यावरून लोकांनी ट्रक अडवले आणि अटकाही झाल्या. त्याच वाड्यातून रविवारी सकाळी आठ जीपा ओळीने गेल्या की त्यांना काय आठवतं ते सांगायला नको. शेतात गाळ गेलेला, विहिरी खोल गेलेल्या, आणि वर डोंगरावर मजा करायला आलेल्यांचे हॉर्न.

करायचं काय? चारपेक्षा जास्त गाड्या नकोत. वस्तीत वीसच्या वेगाने, काचा खाली करून. समोरून म्हातारी येत असेल तर थांबा, “आजी, जाऊ का?” विचारा. फेब्रुवारी ते मे काजू वेचणारे सकाळी लवकर झाडाखाली वाकलेले असतात, झाडाच्या सावलीत दिसत नाहीत. जुन्या डंपांच्या कडेने अकेशिया आणि काजू दाट आहे, तिथे वळणावर हॉर्न द्या. बागेतून गेलेला पाण्याचा काळा पाइप चाकाखाली आला तर थांबून सांगा आणि भरून द्या. आणि गावात जत्रा असेल, शिरगावच्या लईराईची तर नक्कीच, तर त्या दिवशी त्या बाजूला फिरकूही नका.

१६. गाडी रुतलीच तर पहिलं काय करायचं?

अॅक्सिलरेटर सोडायचा. चाक जितकं फिरेल तितकं खाली जाईल. उतरून चाकासमोरची माती फावड्याने काढा, चाकाखाली दगड किंवा फळ्या घाला, हवा थोडी कमी करा. ओढायची वेळ आली तर बंपरखालचा गाडी बांधून नेण्याचा हुक वापरू नका, तो तुटून गोळीसारखा सुटतो. शासीला बोल्ट केलेला टो हुक आणि डी शॅकल (दोरी अडकवायची लोखंडी कडी) वापरा. दोरीवर ओली गोणी टाका, माणसं दोरीच्या लांबीच्या दीडपट दूर.

एक चाक कडेबाहेर गेलं असेल तर वरचं काहीच करू नका. डोंगराच्या बाजूच्या दारातून सगळे बाहेर, गाडीला मागून दुसरी गाडी बांधून ठेवा आणि जवळच्या गावातला जेसीबी बोलवा. या रस्त्यांवर नेटवर्क असेलच असं नाही, तेव्हा परतायची वेळ घरी सांगून निघा. आणीबाणीत ११२, रुग्णवाहिकेला १०८.

१७. जनावरं, साप, गोचिडांची भीती किती?

गवा हमखास, तोही सकाळी आणि संध्याकाळी. समोर आला की इंजिन बंद, लाइट मंद, तो जाईपर्यंत थांबा. हॉर्न मारून त्याला हटवायचा प्रयत्न करणाऱ्यांची दारं आत गेलेली पाहिली आहेत. रात्री या रस्त्यांवर जाऊच नका, तेवढ्याने निम्मे प्रश्न मिटतात.

सापांमध्ये घोणस आणि फुरसं पालापाचोळ्यात दिसत नाहीत. फावडं मारताना आणि दगड उचलताना हात घालण्यापूर्वी पाय आपटा. दंश झाला तर बांधाबांध आणि चिरा न देता १०८ ला फोन करून थेट इस्पितळ.

गोचिडाकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात आणि खाणपट्ट्यात ते महागात पडतं. सत्तरीच्या पालीत २०१५ मध्ये गोचिडांमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आणि पुढच्या हंगामांत तो आजूबाजूच्या गावांत पसरला. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजे नेमका ऑफरोडिंगचा हंगाम. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात, गवतात बसायचं नाही, घरी येताच गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे धुवायला. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरला आधी सांगा की सत्तरीच्या जंगलात गेलो होतो. नाहीतर डेंग्यूच्या चाचण्यांत दोन दिवस जातात.

१८. मोटारसायकलवर सोपं नाही का? आणि दूधसागरची जीप हाच प्रकार ना?

मोटारसायकल वजनाने हलकी म्हणून कडेला बरी, पण गोल खडीवर पुढचं चाक निसटतं. एकट्याने नको. बाकी परवानगीचे नियम तेच.

दूधसागरचा रस्ता वेगळा. तो भगवान महावीर अभयारण्यातून जातो, कुळ्याहून नोंदणीकृत जीपच जातात, खाजगी गाडी नेता येत नाही.

१९. डंपवरचा लाल दगड आठवण म्हणून आणला तर? आणि वाटेत कातळावर कोरलेली चित्रं लागली तर त्यावर गाडी उभी करून फोटो?

दगड राहू दे. ढीग सरकारचा असतो, नाहीतर लिलावात घेतलेल्याचा, नाहीतर रॉयल्टी भरलेल्या जुन्या लीजधारकाचा. बोनटवर दहा किलो खनिज घेऊन नाक्यावर सापडलात तर आठवण बरीच लांबेल.

कातळाचं जास्त गंभीर आहे. कोळंबजवळ कुशावतीच्या काठावर उसगाळीमळला जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळावर) प्रागैतिहासिक कातळशिल्पं आहेत: बैल, हरणं, आणि एक मोठं वर्तुळाकार चक्रव्यूहासारखं चित्र. १९९३ मध्ये ती उजेडात आली. संरक्षित जागा आहे आणि पायी जायची आहे. आजूबाजूच्या सड्यांवरही असं काही झाकलेलं असू शकतं, म्हणून मोकळा काळा कातळ दिसला की त्यावर गाडी चढवू नका. डोनट (गाडी जागच्या जागी गोल फिरवणं) तर अजिबात नाही. जांभा कठीण वाटतो, पण ओल्या टायरखाली त्याचा वरचा थर खरवडला जातो.

२०. आमचं गाव अभयारण्यातच आहे. काजूबागेपर्यंत खाणीचाच जुना रस्ता जातो. आम्ही आणि आमचे पाहुणे जाऊ शकतो की नाही?

तुम्ही जाऊ शकता. कलम २७ मध्ये सूट आहे ती अभयारण्यात स्थावर मालमत्तेवर हक्क असलेल्यांना, तिथे राहायची परवानगी असलेल्यांना, त्यांच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांना आणि सार्वजनिक महामार्गाने आरपार जाणाऱ्यांना. म्हणून चोर्ला घाटातून बेळगावला जाणाऱ्याला परवाना लागत नाही. पण त्याने घाटात थांबून बाजूच्या मातीच्या रस्त्यावर गाडी उतरवली की सूट तिथे संपते.

पाहुण्यांचं तसं नाही. पुण्याहून आलेला आतेभाऊ तुमच्यावर अवलंबून नाही, त्याच्या थारसाठी परवाना लागेल. बागेत कामाला येणारे गडी आणि माल न्यायला येणारी पिकअप याबद्दलही परिक्षेत्र कार्यालयात एकदा लेखी विचारून ठेवा. तोंडी “जा हो” म्हणणारा वनरक्षक बदलून जातो.

आणि रस्ता बागेपर्यंत जातो म्हणून तुमचा हक्क बागेपुढच्या डोंगरापर्यंत जात नाही. बागेच्या कुंपणाला गाडी उभी करा. तिथून पुढे चालत जायचं झालं तरी आधी परिक्षेत्र कार्यालयात विचारा.